सगळं पिवळं म्हणजे सोनकी नव्हे: बेळगाव-खानापूर भागातली सूर्यफुलाच्या कुळातली रानफुलं कशी ओळखायची

सप्टेंबर लागला की जांबोटी-कणकुंबी रोडच्या दोन्ही अंगाला पिवळं पिवळं होतंय, आणि मग ज्याच्या हातात मोबाईल तो फोटोग्राफर. फोटो येतात ढिगानं, आणि खाली कॅप्शन एकच, "सोनकी". त्यात खरी सोनकी असते, कारळं असतंय, कुणीतरी बागेतनं पळालेला कॉसमॉस टाकलेला असतो, आणि कधी कधी तर कवळा असतो जो या कुळातलासुद्धा नाही, तो शेंगावाल्यांच्या घरातला. दोष लोकांचा नाही, फोटोच तसा असतो, वरनं काढलेला, मध्ये पिवळी टिकली आणि भोवती पिवळ्या पाकळ्या. वरनं बघितलं की ही सगळी सारखीच दिसतात. म्हणून पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगून टाकतो, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल: फूल उलटं करा. ओळख पटवणारा सगळा माल फुलाच्या खाली आणि आत असतोय, वर नाही.

हे लिहिताना डोळ्यासमोर आपलाच भाग आहे. म्हणजे खानापूर, जांबोटी, कणकुंबीची लाल जांभ्या दगडाची जमीन आणि भातशेती, बेळगावच्या भोवतालचे येळ्ळूर-राजहंसगड, वैजनाथाकडचे डोंगर, आणि खाली निपाणी-चिकोडी-हुक्केरीकडची काळी जमीन, ऊस आणि तंबाखूचा पट्टा. एका जिल्ह्यात इतका फरक आहे की कणकुंबीला दिसलेलं झाड चिकोडीला दिसलं तर आधी शंकाच घ्यावी. बहुतेक झाडं एका सीझनची घेतलीत, पावसात उगवणारी आणि बी टाकून मरणारी, एखादं बहुवर्षायू मध्ये आलंय ते तुलनेसाठी.

फूल म्हणजे काय ते आधी

या कुळात जे एक फूल दिसतंय ते एक फूल नसतंय. बारीक बारीक फुलांचा तो गुच्छ असतो, एका बैठकीवर दाटीवाटीनं बसवलेला. कडेला जी पाकळी वाटते ते एक अख्खं फूल, त्याला किरण फूल म्हणू, आणि मधल्या टिकलीत जे ठिपके दिसतात ते प्रत्येक एक वेगळं फूल, त्याला नळी फूल म्हणू. प्रत्येकाखाली जास्तीत जास्त एकच बी धरते. (वनस्पतीवाले त्याला फळ म्हणतात, बरोबरच आहे, पण शेतात सगळे बीच म्हणतात, मीही तेच म्हणणार.) गुच्छाच्या खाली हिरव्या पातींची एक वाटी असते. जगात या कुळाच्या 25-30 हजार जाती आहेत, आणि एवढ्या पसाऱ्यात एकमेकांपासून वेगळं करायला शास्त्रज्ञ मुख्यतः हेच बघतात: ही वाटी, ती बैठक, आणि बीच्या डोक्यावर काय आहे ते.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, दाढीचं अर्धं ब्लेड, शाळेतली पट्टी, आणि जुना पेपर. भिंग नसेल तर मोबाईलचा मॅक्रो चालतो, पण भिंगाची मजा वेगळी.

बघायचा क्रम मी असा ठेवतो. आधी पानं, आणि तीही खालची. समोरासमोर जोडीनं आहेत की एकाआड एक? खालची यासाठी म्हणतोय की कारळं आणि बायडेन्स (ज्याच्या बिया कपड्याला चिकटतात ते) यांसारख्या झाडांत खाली पानं जोडीनं असली तरी शेंड्याकडं ती एकाआड एक होऊ शकतात, आणि फोटो काढणारा नेमका शेंड्याचाच फोटो काढतो. मग फूल उलटं करून वाटी बघायची, पाती किती ओळीत आहेत, सगळ्या सारख्या आहेत की बाहेरच्या वेगळ्या आणि आतल्या वेगळ्या. मग फूल नखानं किंवा ब्लेडनं उभं चिरायचं आणि बैठकीवर दोन फुलांच्या मध्ये पातळ पापुद्रा आहे का ते बघायचं. शेवटी बी. त्याच झाडावर एखादं सुकत आलेलं फूल सापडतंच, ते हातावर चुरगाळायचं. पाकळीचा रंग आणि पाकळ्या किती हे सगळ्यात शेवटी, खरं तर नाही बघितलं तरी चालतंय.

सोनकी

खरी सोनकी म्हणजे सेनेशिओ या गटातली. पानं एकाआड एक. हे एवढं एक बघितलं तरी कारळं, कॉसमॉस, बायडेन्स तिघंही बाजूला होतात, कारण त्यांची खालची पानं समोरासमोर असतात. दोन सेकंदाचं काम आहे, पण करत कुणी नाही.

आता फूल उलटं करा. सोनकीच्या वाटीच्या पाती एकाच ओळीत असतात, सगळ्या एका उंचीच्या, कडेला कड लावून उभ्या, म्हणजे वाटी कमी आणि छोटा डबा जास्त वाटतो. या डब्याच्या बुडाशी, देठ लागतो तिथं, दोन-चार अगदी बारीक पाती असतात, भिंगातनं नीट दिसतात. हा एका ओळीचा डबा आणि बुडाशी बारीक पाती, ही सेनेशिओची सही. फूल चिरलं तर बैठक मोकळी, पापुद्रे नाहीत. आणि बी पिकली की तिच्या डोक्यावर पांढऱ्या मऊ केसांचा झुपका. पिकल्यावर डब्याच्या पाती खाली वळतात आणि झुपके वाऱ्यावर जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या जांभ्याच्या सपाट पठारावर, फिरलात तर अर्धी फुलं पिवळी आणि अर्धी पांढरी कापसाळलेली अशी झाडं दिसतील, त्या कापसाळलेल्या फुलाचा फोटो आधी काढा, पिवळ्याचा नंतर.

पण सोनकी म्हटलं की काम संपलं असं नाही, कारण सोनकी एकच नाही. आपल्या डोंगरात जी सगळ्यात जास्त दिसते आणि जिला सरसकट सोनकी म्हणतात ती सेनेशिओ बॉम्बेएन्सिस, जुन्या पुस्तकात हीच सेनेशिओ ग्राहमी नावानं सापडेल. तिच्याबरोबर सेनेशिओ एजवर्थी असते. पानं खोलवर कातरलेली, शेंड्याचा तुकडा मोठा आणि खाली लहान लहान तुकडे, आणि पान उलटं केल्यावर खालून पांढुरकी लव दिसली की एजवर्थीकडं संशय घ्यायचा. म्हणजे इथंही उलटंच करायचं, फूलही आणि पानही. सेनेशिओ डाल्झेली म्हणून तिसरी एक आहे. आणि आपल्या लोकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे सेनेशिओ बेळगाउमेन्सिस, नावातच बेळगाव. कंपनी सरकारच्या काळात मद्रासकडं काम करणारा डॉक्टर रॉबर्ट वाइट, त्यानं हे नाव दिलं, तेव्हा त्यानं झाड वेगळ्याच गटात टाकलेलं, नंतर क्लार्क नावाच्या दुसऱ्या वनस्पतीवाल्यानं ते सेनेशिओत आणलं. बेळगावच्या नावाचं झाड आहे हे बेळगावात किती जणांना माहीत असेल देव जाणे, कुंद्याची मिठाई मात्र सगळ्यांना माहीत.

या बहिणी-बहिणींत फरक करायचा तर नुसत्या फुलाच्या फोटोवर कुणीही छातीठोक नाव सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. अख्खं झाड पाहिजे: बुडाची पानं (ती फुलं येईपर्यंत बऱ्याचदा वाळून जातात, म्हणून ऑगस्टमध्येच एकदा बघून ठेवायची), मधली पानं, पानाची खालची बाजू, वाटीवर लव आहे का, आणि बी. बी बघताना कडेच्या फुलांची वेगळी आणि मधल्या फुलांची वेगळी बघायची, दोन्हीवर केस आहेत का, बीच्या अंगावर लव आहे की गुळगुळीत. बाकी ठिकाणी शॉर्टकट चालतात, सोनकीत चालत नाहीत.

आणि एक, सेनेशिओ गटातल्या झाडांत लिव्हरला बाधणारी द्रव्यं असतात. "फुलांचा काढा" वगैरे कुणी सांगितलं तर ऐकायचं नाही, गुरांनाही मुद्दाम कापून घालायची नाही.

कारळं

कारळं कुणाला सांगायची गरज नाही असं वाटतंय, घरोघरी चटणी आहे. कन्नड बोलणाऱ्या घरात गुरेळ्ळू म्हणतात नाहीतर हुच्चेळ्ळू, चटणी तीच. मूळचं इथिओपियाचं, पण आता आपल्या डोंगराकडच्या शेतात पेरतात आणि तिथनं सांडलेलं बी बांधावर, रोडच्या कडेला आपोआप येतं, आणि तिथं ते रानफूल समजून लोक त्याचा फोटो काढतात. शेतातल्या मावशीनं विचारलं, "काय हुडकूलालाय वो?", आणि तुम्ही म्हणालात, "सोनकी बघूलालोय", तर ती हसणारच, कारण तिच्या दृष्टीनं तुम्ही तिच्या पिकाचा फोटो काढूलालाय.

फरक सोपा आहे. खालची पानं समोरासमोर, देठ नाही, पान खोडाला अर्धवट मिठी मारून बसल्यासारखं. फूल उलटं केलं की बाहेरच्या पाच पाती लगेच डोळ्यात भरतात, रुंद, पानासारख्या हिरव्यागार. सोनकीच्या डब्यात अशी पाती शोधूनही सापडणार नाही. किरण फुलं साधारण आठ, टोकाला तीन दात. चिरल्यावर बैठकीवर पापुद्रे असतात. आणि बी तर ओळखीचीच, काळी, चमकणारी, 3 ते 5 मिलिमीटरची, डोक्यावर काहीच नाही, ना केस ना काटा. सुकलेलं फूल तळव्यावर चुरलं आणि काळी चकचकीत बी पडली की विषय संपला.

कॉसमॉस आणि बायडेन्स

इथं जरा थांबू, कारण खरा गोंधळ इथं आहे आणि हे दोघं नात्यानंही जवळचे.

कॉसमॉस सल्फ्युरियस हा मेक्सिकोकडचा, बागेसाठी आणलेला. बंगल्याच्या कंपाउंडमधनं, ढाब्याच्या समोरनं, हायवेच्या मधल्या पट्ट्यातनं तो बाहेर पडलाय आणि आता कुणी न पेरता रोडच्या कडेला येतो. दिसायला झकास आहे, म्हणून कुणी उपटत नाही, आणि तिथंच घोळ आहे, कारण तो सड्याकडं सरकला तर आपल्या बारक्या रानफुलांना जागा राहत नाही. मला विचाराल तर घाटातल्या रिसॉर्टवाल्यांनी याचं बी विस्कटायचं बंद करावं.

ओळखायला: पानं समोरासमोर आणि दोन-तीनदा चिरलेली, पण चिरलेले तुकडे रुंद असतात, दोऱ्यासारखे बारीक नाहीत. (दोऱ्यासारखी बारीक पानं आणि गुलाबी-पांढरं फूल असेल तर तो कॉसमॉस बायपिनाटस, तो दुसरा.) रंग पिवळ्याकडनं भगव्याकडं जाणारा. फूल सोनकीच्या दुपटीनं-तिपटीनं मोठं, किरण फुलं आठ, रुंद, टोकाला दातेरी. उलटं केलं की दोन ओळी स्पष्ट: बाहेर आठ अरुंद हिरव्या पाती, आत आठ रुंद, पातळ, उजेडात आरपार दिसतील अशा. म्हणजे कारळ्यात बाहेरच्या पाती मोठ्या आणि रुंद, कॉसमॉसमध्ये बाहेरच्या बारीक आणि आतल्या रुंद. एवढं नीट लक्षात ठेवा.

बायडेन्स म्हणजे ते झाड, ज्याच्या बिया दिवाळीनंतर रानातनं घरी येताना पँटीला, साडीच्या काठाला, कुत्र्याच्या अंगाला चिकटून येतात. बरेच जण त्याला नुसतं "चिकटणारं" म्हणतात आणि कुसळ, गोखरू, सगळं त्यातच घालतात. पँटीवरची एक बी काढा आणि भिंगाखाली धरा. काळी, लांबट, चार कंगोरे असलेली सळी, आणि टोकाला दोन, तीन किंवा चार पिवळसर काटे. काट्यावर नीट बघा, त्याच्या अंगावर आणखी बारीक काटे आहेत आणि त्यांची तोंडं खाली, बीच्या दिशेला. म्हणून आत गेलेला काटा मागं ओढला की अडकतो. एकाच फुलातल्या बिया मोजून बघा, मधल्या लांब आणि कडेच्या आखूड असतात, म्हणून मोजायची तर नेहमी मधली मोजायची, नाहीतर दोघांनी दोन मापं सांगायची आणि उगाच भांडायचं.

कॉसमॉसची बीही लांबट आणि काट्याची, पण तिला चोच असते. म्हणजे बी वर जाता जाता एकदम बारीक होऊन लांब मानेसारखी होते आणि मग तिच्या टोकाला काटे, आणि ते काटे बऱ्याचदा बाहेर फाकलेले, कधी कधी नसतातही. चोच धरून लांबी 15 ते 30 मिलिमीटरपर्यंत जाते. बायडेन्सची बी हळूहळू निमुळती होते, अशी वेगळी चोच नसते. फूल नसलं, झाड वाळून खडखडीत झालं, तरी जानेवारीत नुसत्या बीवर दोघांत फरक सांगता येतोय, म्हणून मी म्हणतोय की बीच्या मागं लागा.

आता बायडेन्समधले दोन. बायडेन्स पायलोझा हा अमेरिकेतनं आलेला, झाडांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत बसवणाऱ्या लिनिअसनं 1753 मध्येच त्याला नाव दिलेलं, आज जगभर तण. पानाला बहुतेक तीन पानोळ्या (एका पानाचे सुटे सुटे तुकडे), खालची पानं कधी कधी साधी एकच. किरण फुलं एकतर पांढरी, नाहीतर नसतातच आणि नुसती पिवळी टिकली दिसते, त्यामुळं फूल "पाकळ्या गळालेलं" वाटतं, गळालेल्या नसतात, आलेल्याच नसतात. वाटीच्या बाहेरच्या पाती सात ते दहा, टोकाकडं रुंद होणाऱ्या, चमच्यासारख्या. बीला काटे बहुतेक दोन किंवा तीन.

बायडेन्स बायटर्नाटा हा दुसरा, जंगलाच्या कडेला, सावलीच्या वाटेवर. पानोळ्या तीनपेक्षा जास्त, पाच किंवा त्याहून अधिक, खालच्या पानोळ्या परत फुटलेल्या असू शकतात, पण तुकडे अंडाकृती आणि कडेनं दातेरी. किरण फुलं थोडी आणि बारकी, पिवळी. बाहेरच्या पाती अरुंद, रेघेसारख्या, टोकाला रुंद होत नाहीत. काटे बहुतेक तीन-चार, कधी पाच. पायलोझात काटे दोन-तीन आणि इथं तीन-चार म्हटल्यावर तीनवाली बी आली की काय करणार? एक बी बघून निकाल द्यायचा नाही, एका फुलातल्या सगळ्या बघायच्या, आणि बरोबर पानोळ्या आणि बाहेरच्या पाती. तिन्ही एका बाजूला बोट दाखवत असतील तर नाव लिहायचं.

दगडी पाला हाही या घोळात येतो. एकदांडी, कंबरमोडी, काहीही म्हणा, लहानपणी खरचटल्यावर चुरून लावायचा तोच. तो एका सीझनचा नाही, पण सगळीकडं आहे, अगदी बसस्टँडच्या भिंतीतसुद्धा. लांब दांडीवर एकच फूल, कडेला फिक्कट पिवळसर तीन दातांची थोडीशी किरण फुलं, पानं समोरासमोर आणि खरखरीत. बीवर केस आहेत म्हणून कुणी सोनकीच्या गटात टाकेल, तर भिंगाखाली धरा: सोनकीचा केस साधा सरळ धागा, दगडी पाल्याच्या प्रत्येक केसाला दोन्ही बाजूनं आणखी केस, पिसासारखे.

भातशेतातले आणि बांधावरचे, पांढरे-जांभळे

माका सगळ्यांना पाहिजे असतो, केसांच्या तेलासाठी. खानापूरकडं भाताच्या बांधावर ओल असते तिथं येतो. पानं समोरासमोर, लांबट, देठ नसल्यासारखी, फुलं बारीक पांढरी, आणि पान-खोड चुरगाळलं की थोड्या वेळात काळं पडतं. त्याच भाताच्या चिखलात सेसुलिया म्हणून एक झाड असतं आणि काही जण त्यालाही माकाच म्हणतात. त्याची पानं एकाआड एक, आणि फुलांचे गोळे पानाच्या बगलेतच चिकटून बसलेले, देठ नाही, रंग पांढरा ते फिक्का जांभळा. माक्याचं फूल देठावर, सेसुलियाचं बगलेत. तेलासाठी गोळा करणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

सहदेवी आणि सदामंडी. दोन्ही जांभळट-गुलाबी, दोन्हींना पाकळ्या नाहीत, दोन्हींचा बीचा पांढरा झुपका उडतो. उलटं करा: सदामंडीला सोनकीसारखाच एका ओळीचा डबा (ती सोनकीच्याच नात्यातली), सहदेवीला पाती तीन-चार ओळीत, कौलासारख्या एकमेकींवर. शिवाय सदामंडीची वरची पानं खोडाला मिठी मारतात आणि खालची कातरलेली असतात. पुस्तकात सहदेवी व्हर्नोनिया सिनेरिया सापडेल, आता सायॅन्थिलियम सिनेरियम म्हणतात.

ओसाडी पटकन. पडीक जमिनीत, कॉफी-काजूच्या बागेत, उग्र वासाची, फिक्की जांभळी-पांढरी. एक ॲजेरॅटम कोनिझॉइडीस आणि एक बागेतनं सुटलेली, जास्त निळी, जास्त गुबगुबीत ॲजेरॅटम हौस्टोनियानम. पानाचं बूड बघा, हौस्टोनियानमचं आत वळलेलं, बदामासारखं किंवा सपाट कापल्यासारखं, कोनिझॉइडीसचं निमुळतं किंवा गोल. आणि वाटीच्या पातींवर चिकट गाठीवाली लव असेल तर हौस्टोनियानम.

निपाणी-चिकोडीच्या उसात हिवाळ्यात जे दुधाळ, पिवळ्या फुलांचं, पाथरीसारखं तण येतं त्यात सोंकसच्या दोन जाती मिसळलेल्या असतात. फुलात सगळी किरण फुलंच असतात, मधली टिकली नाही, आणि खोड मोडलं की पांढरं दूध. सोंकस ओलेरॅशियस आणि सोंकस ॲस्पर. पान खोडाला जिथं कवटाळतं तिथं दोन्ही बाजूला कानासारखे भाग निघतात, ते बघायचे: ओलेरॅशियसचे कान टोकदार, ॲस्परचे गोल आणि गोगलगायीसारखे वळलेले, आणि ॲस्परच्या पानाच्या कडेचे काटे बोटाला टोचतात. तरी शंका असली तर बी: ओलेरॅशियसच्या बीवर आडव्या बारीक सुरकुत्या, ॲस्परची बी मध्ये गुळगुळीत आणि उभ्या रेघा. आपण पानं कच्ची खातो ती खरी पाथरी यातली नाही, ती लॉनिया, जमिनीलगत पसरणारी आणि बहुवर्षायू.

गाजर गवत किंवा काँग्रेस गवत ओळखायचं शिकवायला नको, पण लहान रोप असताना त्याची जमिनीलगतची कातरलेली पानं बघून लोक शेवंतीचं रोप किंवा कॉसमॉस समजून कुंडीत ठेवतात. कॉसमॉसची पहिली पानंही जोडीनं येतात, गाजर गवताची पानं चक्रासारखी जमिनीला टेकून आणि पुढं एकाआड एक. 1955 च्या सुमाराला पुण्यात त्याची नोंद झाली आणि आता ते नाही असं गाव नाही. 1984 मध्ये बेंगळुरूला मेक्सिकोचा एक भुंगेरा मुद्दाम सोडला, झायगोग्रामा, पाठीवर नागमोडी काळ्या रेघांचा, पावसाळ्यात पानं खाताना दिसला तर मारू नका. उपटायचं तर हातमोजे घाला, कित्येकांना अंगाला खाज सुटते, दमा असलेल्यांनी तर लांबच राहावं.

भात कापून झाल्यावर, सुगी संपली की, सुकत्या शेतात गोरखमुंडी आणि ओढ्याच्या काठाला गंगोत्रा. दोन्ही जांभळे आणि दोन्हींना वास. गोरखमुंडीच्या खोडाला दोन्ही बाजूनं हिरव्या पट्ट्या लागलेल्या असतात, दातेरी, आणि फुलाचा गोळा एकेकटा, गोल, घट्ट. गंगोत्र्याच्या खोडाला पट्टी नाही, पानं बारीक कातरलेली, आणि फुलं शेंड्याला झुपक्यात.

फोटो आणि नमुना

एका झाडाचे पाच फोटो काढा: अख्खं झाड जमिनीसकट, खालच्या पानाची जोडणी, पानाची मागची बाजू, उलटं फूल, आणि हातावर बी, बाजूला पट्टी ठेवून. वरनं काढलेला सुंदर फोटो स्टेटसला ठेवा, तो कामाचा नाही.

नमुना घ्यायचा तर जिथं भरपूर आहे तिथनं एकच फांदी, बीसकट, पेपरात दाबायची आणि पेपर रोज बदलायचा, आपल्याकडची पावसाळी हवा अशी की दोन दिवस विसरलं की बुरशी. बी कागदाच्या पुडीत वेगळी. पुडीवर गाव, तारीख, जमीन लाल की काळी, ओल की कोरडं, आणि फुलाचा रंग लिहायचा, कारण वाळल्यावर रंग जातो. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय काही तोडायचं नाही, तिथं फक्त फोटो.

नाव पक्कं करायला जुनं पुस्तक बघणार असाल तर बेळगावची झाडं मुंबईच्या फ्लोरात (फ्लोरा म्हणजे एका भागातल्या झाडांची नोंद असलेलं पुस्तक) शोधा. थिओडोर कुकनं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर 1901 ते 1908 मध्ये लिहिलं तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, 1956 पर्यंत आपण तिकडंच होतो, त्यामुळं आपल्या गावांची नावं त्यात सापडतात. नावं मात्र जुनी असतील, माका तिथं एक्लिप्टा अल्बा, आता एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. अक्कलकाऱ्याच्या जातीचं रानटी झाड तिथं स्पायलॅन्थस, आता ॲकमेला. पुडीवर दोन्ही नावं लिहून ठेवा, पुढच्या वर्षी शोधताना डोकं खाजवायला लागत नाही.